पुढचें चाक आणि मागचें चाक

फ्रान्समध्यें सोळा दिवस काढून आम्ही परत आलों, तेव्हां भेटीस आलेल्या एका स्नेह्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो आयफेल मनोऱ्याविषयीं. तो आम्हीं पाहिला नाहीं असें सांगतांच त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो काशीस जाऊन विश्वेश्वराचें दर्शन न घेतां परतलेल्या यात्रेकरूकडे पाहतांना उमटावा तसा होता. "मग सोळा दिवस तेथें केलेंत तरी काय?" त्यांनीं विचारलें. "सायकल चालविली, आणि रात्रीं तंबूंत झोंपलों," असें आम्हीं खरें तें उत्तर दिलें. त्यावर ते कांहीं वेळ बोलले नाहींत. चहाचा शेवटचा घोट घेऊन मग म्हणाले, "कां? सायकल पुण्यांत नव्हती?"

प्रश्न पुणेरी होता, आणि पुणेरी प्रश्नांत बहुधा असतें तसें त्यांत तथ्यहि होतें. आम्ही दोघेंहि ज्या पुण्यांत वाढलों तें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. तासाच्या भाड्यानें सायकल आणावी, नळीखालून पाय घालून ती शिकावी, गुडघे फोडून घ्यावे, आणि मोठेपणीं दिव्यावांचून किंवा डबलसीट गेल्याबद्दल चौकांतील पोलिसापुढें मान खालीं घालून उभें राहावें, हा त्या काळच्या पुणेकराच्या शिक्षणाचा भागच होता. लग्नानंतर आम्हीं दोघांनीं मिळून केलेला पहिला खर्च डबलसीटच्या दंडाचा होता, असें म्हटलें तर त्यांत थोडीच अतिशयोक्ति होईल. पुढें संसार वाढला, स्कूटर आली, मोटार आली, आणि जिन्याखालीं गेलेली सायकल तेथेंच राहिली.

ती पुन्हां आठवली ती दुखण्याच्या निमित्तानें. दोन वर्षांपूर्वीं आमच्यांपैकीं एकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. कोणाच्या, तें वाचकांनीं विचारूं नये. छाती एकाची उघडली गेली, परंतु त्या दिवसापासून दुखणें दोघांचें झालें; म्हणून येथें 'आम्ही' एवढेंच पद वापरण्याचें आम्हीं ठरविलें आहे. पुढें जे संवाद येतील त्यांतून 'अहो' आणि 'अग' हीं दोन्ही संबोधनें ह्याच कारणास्तव गाळलीं आहेत.

दुखणें बरें झालें. परंतु त्याच्याबरोबर घरांत आलेली एक गोष्ट मात्र बरी होईना. ती म्हणजे नजर. जिना चढतांना, पिशवी उचलतांना, रात्रीं कूस बदलतांना एकाची नजर दुसऱ्यावर खिळलेली असे. ज्याच्यावर ती होती त्यास ती जाचूं लागली, आणि ज्याची ती होती त्यास ती आवरतां येईना. सात दिवसांच्या सात कप्प्यांची गोळ्यांची एक डबी होती. ती भरावयाची, ठेवावयाची आणि वेळेवर पुढें करावयाची, हा अधिकारहि ह्या नजरेकडेच होता. ह्याविषयीं दोन वर्षांत आम्ही एक अक्षर बोललों नाहीं. सुशिक्षित घरांत पुष्कळ गोष्टी न बोलण्याची रीत असते, आणि त्या मुकेपणास आपण समजूतदारपणा म्हणतों.

सफरीची कल्पना निघाली ती डॉक्टरांच्या बोलण्यांतून. रस्ता सपाट असावा, गति मंद असावी, आणि दिवसाचे चाळीस किलोमीटर ओलांडूं नयेत, एवढें पाळल्यास सायकल चालविण्यास त्यांची हरकत नव्हती. असा रस्ता पुण्याच्या आसपास कोठें आहे, आणि तेथील मोटारींपासून जीव कसा राखावा, हें मात्र त्यांस सांगतां येईना. फ्रान्समध्यें असे रस्ते आहेत हें आम्हांस वाचून ठाऊक होतें. युरोपच्या पश्चिम किनाऱ्यानें नॉर्वेपासून पोर्तुगालपर्यंत सायकलींसाठीं एक मार्ग आंखलेला असून त्याच्या फ्रान्समधील भागास 'व्हेलोदिसे' असें नांव आहे. त्यांतला थोडा कालव्याकांठचा व थोडा समुद्रकांठचा असा साडेचारशे किलोमीटरांचा तुकडा आम्हीं निवडला. "आई-बाबा, ह्या वयांत तंबू?" असें मुलीनें फोनवर विचारलें. तंबूचें वजन अवघें दोन किलो असतें असें तिला सांगून आम्हीं विषय बदलला.

तयारीच्या दिवसांत एका फ्रेंच गृहस्थांचा आम्हांस मोठा आधार वाटला. त्यांचें नांव पोल द व्हीव्ही. 1853 सालीं जन्मलेले हे गृहस्थ सेंत-एतिएन शहरीं सायकलींचा व्यापार करीत, सायकलीसच वाहिलेलें एक नियतकालिक चालवीत, आणि त्यांत 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनांवानें लिहीत. चढ लागतांच गिअर बदलतां यावा, ह्याचा त्यांनीं जन्मभर पुरस्कार केला. शिवाय ते शाकाहारी होते, ही गोष्ट आमच्या घरीं विशेष कौतुकाची ठरली. लांबच्या प्रवाशांसाठीं त्यांनीं कांहीं नियम घालून दिले आहेत: भुकेच्या आधीं खावें, तहानेच्या आधीं प्यावें, झोंप आणि अन्नावरची वासना उडेल इतकें दमूं नये, आणि केवळ प्रौढीसाठीं पाय चालवूं नयेत. डॉक्टरांचे नियम आणि हे नियम ह्यांत फारसें अंतर नव्हतें. शेवटचा नियम मात्र डॉक्टरांच्या कागदावर नव्हता, आणि पुढें आम्हांस त्याचीच गरज लागली.

पोंतिव्ही नांवाच्या गांवीं आम्हीं भाड्यानें दोन सायकली घेतल्या आणि नांत शहराच्या दिशेनें निघालों. हा सारा भाग ब्रिटनीचा. नांतपासून ब्रेस्त बंदरापर्यंत येथें 364 किलोमीटर लांबीचा एक कालवा काढलेला आहे. नेपोलियनच्या काळीं इंग्रजांच्या आरमारानें ब्रेस्तची कोंडी केली, तेव्हां समुद्रावर न जातां देशाच्या पोटांतूनच त्या बंदरास रसद पोंचावी, हा ह्या कालव्याचा हेतु. काम 1811 मध्यें सुरू झालें आणि 1842 मध्यें संपलें. वरच्या अंगास ग्लोमेल गांवाजवळचा खोल चर तर ब्रेस्तच्या बंदिशाळेंतील कैद्यांकडून खोदविण्यांत आला. परंतु कालवा पुरा झाला तेव्हां ज्या युद्धासाठीं तो काढला तें संपून पाव शतक लोटलें होतें. कांहीं वर्षें त्यावरून मालाच्या नावा गेल्या. मग आगगाडी आली. पुढें विसाव्या शतकांत एका धरणानें त्याचे दोन तुकडे केले. ज्या वाटेवरून घोडे नावा ओढीत, ती वाट आज सायकलवाल्यांच्या उपयोगीं पडत आहे. लढाईसाठीं केलेली वस्तु कोणाच्या तरी विश्रांतीस कामीं यावी, असा योग इतिहासांत वारंवार येत नाहीं.

कालवा म्हणजे पाण्याचा जिनाच. ठिकठिकाणीं दोन दारांमध्यें नाव घ्यावयाची, पाणी चढवावयाचें किंवा उतरवावयाचें, आणि मग पुढचें दार उघडावयाचें. अशा प्रत्येक जलद्वाराशेजारीं राखणदाराचें एक दगडी घर असतें, आणि त्यावर जलद्वाराचें नांव व अनुक्रमांक. अनुक्रम नांतपासून लावलेला असल्यामुळें आम्ही जसजसे पुढें जात होतों तसतसे आंकडे उतरत होते. दुतर्फा उंच झाडें, पाण्यावर त्यांची सांवली, कोठें एखादा बगळा, आणि जोसलें गांवाजवळ ऊस्त नदीच्या पाण्यांत उभा असलेला रोहां घराण्याचा किल्ला. मोटारीचा आवाज दिवसभर कानीं पडत नसे. चाळीस किलोमीटरांचा दिवस असा सरे कीं आपण व्यायाम करीत आहों ह्याचा विसर पडे.

विसर एकासच पडे. आमचा क्रम पहिल्या दिवसापासून ठरून गेला होता: दुखण्यांतून उठलेलें माणूस पुढें, आणि नजर मागें. पुढच्यानें पाय थांबविले कीं मागून प्रश्न येई, "काय झालें?" पुढच्यानें वेग वाढविला कीं मागून सूचना येई, "सावकाश." शेवटीं पुढचें माणूस पाण्याकडे पाहीनासें झालें आणि मागचें माणूस किल्ल्याकडे. एक जण पाठ सांभाळीत होता, आणि दुसरा ती पाठ पाहत होता.

वाटेंतल्या लोकांविषयीं मात्र लिहावें तितकें थोडें. दुकानांत शिरतांना आधीं 'बाँजूर' म्हणावें लागतें; तें न म्हणतां भाकरी मागणें म्हणजे कोणाच्या घरीं जाऊन नमस्कार न करतां पाटावर बसण्यासारखें आहे, हें आम्ही दुसऱ्याच दिवशीं शिकलों. दुपारीं बारापासून दोन वाजेपर्यंत गांवेंच्या गांवें दारें लावून जेवावयास बसतात, हें आम्हीं त्याच दिवशीं उपाशी राहून जाणलें. तेथील काळ्या गव्हाचा, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा, 'गालेत' नांवाचा एक पदार्थ आहे. तव्यावर तो पातळ पसरलेला पाहतांच आम्हांस कोंकणांतल्या घावनाची आठवण झाली. फरक एवढाच, कीं नारळाच्या रसाच्या जागीं तेथें खारें लोणी असतें. आणि चढावर धापा टाकीत सायकल चालविणाऱ्यास कोणीहि अनोळखी माणूस 'बाँ कुराज' म्हणतो. शब्दशः अर्थ 'चांगलें धैर्य'. परंतु ज्याच्यापुढें कष्ट आहेत अशा कोणासहि तो म्हणावयाचा असतो. 'सांभाळून' आणि 'धीर असो' ह्या दोन शब्दांत किती अंतर आहे, ह्याचा विचार आमच्यांपैकीं एकाच्या मनांत त्या दिवसांत पुष्कळ वेळां आला.

मुक्काम करावयाचा तो बहुधा गांवच्या नगरपालिकेनें चालविलेल्या तळावर. हिरव्या कुंपणांनीं आंखलेल्या चौकोनी जागा, भांडीं घासण्यास ओटे, ऊन पाण्याचीं स्नानगृहें, आणि आदल्या रात्रीं सांगून ठेवल्यास सकाळीं ताजी भाकरी. आम्हीं बरोबर मेतकूट नेलें होतें. छोट्या स्टोव्हवर भात शिजे, आणि एखाद्या रात्रीं हिंगाची फोडणी दिली कीं शेजारच्या तंबूंतून माणसें डोकावून पाहत. अशाच एका रात्रीं ऐंशीच्या घरांतील एक फ्रेंच दांपत्य आमच्या पंगतीस आलें. मोडक्यातोडक्या इंग्रजींत त्या गृहस्थांनीं आपल्या आईबापांची गोष्ट सांगितली. 1936 सालीं लेओं ब्लूम ह्यांच्या सरकारनें कामगारांस वर्षाकाठीं दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. त्या उन्हाळ्यांत हजारों माणसांनीं जन्मांत प्रथमच समुद्र पाहिला. गृहस्थांचे आईबापहि नवें लग्न झालेले गिरणीकामगार. दोघांनीं पायडल मारावयाची एक जोडसायकल त्यांनीं मागून आणली आणि एक ताडपत्री घेऊन समुद्राकडे निघाले. "समुद्र पाहून आई रडली," ते म्हणाले, "आणि वडिलांनीं पाण्याची चव घेऊन पाहिली." आज ती रजा पांच आठवड्यांची आहे. विश्रांति हा हक्क आहे ही गोष्ट तेथील माणसांच्या अंगवळणीं पडली आहे. आम्हां मध्यमवर्गीयांस मात्र सुटी घेण्यास दुखण्याचें निमित्त लागलें.

नांत मागें टाकल्यावर लुआर नदीचें पात्र रुंद होत जातें. एका ठिकाणीं ती तरींत बसून ओलांडावी लागते, आणि त्या तरीस पैसे पडत नाहींत. नदी समुद्रास मिळते तेथें, सें-ब्रव्हें गांवच्या वाळूंत, हुआंग योंग पिंग ह्या शिल्पकारानें 2012 मध्यें उभारलेला एका प्रचंड सर्पाचा धातूचा सांगाडा आहे. भरती आली कीं तो बुडतो, ओहोटी लागली कीं वर येतो. समुद्राच्या येण्याजाण्याशीं आमची ओळख झाली ती येथें. त्याचा अधिकार किती मोठा आहे हें कळावयास आणखी तीन दिवस जावयाचे होते.

नोआर्मूतिए नांवाचें एक बेट ह्या किनाऱ्यास लागून आहे. तेथें जाण्यास 1971 पासून पूल झाला आहे. परंतु त्यापूर्वीं शतकानुशतकें जो रस्ता होता तो अद्यापि चालतो. त्यास 'पासाज द्यु ग्वा' म्हणतात. त्याची लांबी चार किलोमीटरांहून थोडी अधिक. तो समुद्राच्या तळावरून जातो, आणि दिवसांतून दोनदां पाण्याखालीं नाहींसा होतो. ओहोटीच्या आधीं दीड तास आणि नंतर दीड तास एवढाच तो ओलांडण्यास निर्धोक. दोन्ही टोकांस वेळांच्या पाट्या आहेत. मध्यें जागोजागीं उंच खांब उभे केलेले असून, ज्यास पाण्यानें गांठलें त्यानें त्यांवर चढून सुटकेची वाट पाहावयाची असते. अलिबागचा कुलाबा किल्ला किंवा मुंबईची हाजीअली ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ओहोटीची वाट म्हणजे काय हें सांगावें लागणार नाहीं. परंतु येथें पाणी दोन्ही बाजूंनीं येतें. 1999 सालच्या 'तूर द फ्रान्स' शर्यतींत येथल्या ओल्या दगडांवर निष्णात स्वारांचाहि घोळका कोसळला होता.

आम्ही तेथें पोंचलों तेव्हां पाटीवर लिहिलेल्या वेळेस अवघीं वीस मिनिटें उरलीं होतीं. तो वटपौर्णिमेचा दिवस होता. दोघांनींहि उपास केला होता. कुट्टूचें पीठ उपासास चालतें असें उत्तर हिंदुस्थानांत मानतात, आणि सकाळीं एक गालेत खाण्यापुरते आम्ही उत्तरेकडचे झालों होतों.

"चार किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटें. निघूं या."

"वारा समोरून आहे. ओझें आहे. मध्येंच थांबावें लागलें तर?"

"कां थांबावें लागेल?"

ह्या प्रश्नाचें उत्तर दोघांसहि ठाऊक होतें, आणि तें दोन वर्षें कोणीं उच्चारलें नव्हतें. त्या पाटीखालीं तें उच्चारलें गेलें.

"दोन वर्षें झालीं, मला माणूस म्हणून कोणीं पाहिलें नाहीं. सगळे पाहतात ते रुग्णाकडे."

"आणि दोन वर्षें मला एक रात्र सलग झोंप नाहीं. श्वास चालूं आहे ना, तो ऐकत पडून राहावें लागतें. हें मीं कोणास सांगावें?"

त्यानंतर आम्ही काय काय बोललों तें लिहिण्यासारखें नाहीं. तीस वर्षांच्या संसारांत असे शब्द आमच्यांत झाले नव्हते. ते मराठींत होते, आणि भोंवतीं मराठी समजणारें कोणी नव्हतें, ह्यामुळेंच ते झाले असावेत. समुद्रानें आमच्या निर्णयाची वाट पाहिली नाहीं. बोलतां बोलतां आम्हीं वळून पाहिलें, तों रस्त्याच्या मध्यभागावर एक चकाकती रेघ उमटली होती. ती रुंदावली. पांच मिनिटांपूर्वीं जेथें दगड होते तेथें पाणी वाहूं लागलें. अगदीं शेवटीं एक वृद्ध गृहस्थ गुडघाभर बूट घालून, हातांत दंताळें व तिसऱ्यांनीं भरलेली बादली घेऊन, सावकाश चालत कांठावर आले. आमच्या लाल झालेल्या मुद्रांकडे पाहून ते रस्त्याविषयींच भांडण आहे असें समजले असावेत. आम्हांस समजावें म्हणून त्यांनीं बादली खालीं ठेविली, एक हात उत्तरेकडून आणला, दुसरा दक्षिणेकडून आणला, दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले, आणि मग बोटानें तळाकडे खूण केली.

त्या खुणेचा अर्थ आम्हांस पुढें वाचून कळला. बेटाच्या दोन अंगांनीं येणारे भरतीचे दोन प्रवाह ह्या जागीं एकमेकांस भिडतात. भिडले कीं दोघांचाहि जोर सरतो, आणि त्यांनीं आणलेली वाळू व गाळ तेथेंच खालीं बसतो. त्या गाळाचाच उंचवटा झाला, आणि त्या उंचवट्याचाच रस्ता.

त्या दिवशीं आम्ही पलीकडे गेलों नाहीं. जवळच्याच तळावर तंबू ठोकला. संध्याकाळीं, म्हणजे तेथील रात्रीं दहाच्या सुमारास, सूर्य मावळला आणि पौर्णिमेचा चंद्र वर आला. घरीं असतों तर सात जन्मांच्या कराराचा विषय निघाला असता. येथें तो निघाला तेव्हां एकाचें म्हणणें पडलें, कीं आधीं ह्या जन्मांतलें जें उरलें आहे त्याचें काय तें बघूं. मग आम्ही हंसलों, आणि हंसल्यावर बोलूं लागलों. भीति कोणाची किती आहे, ती दिवसा कोठें असते आणि रात्रीं कोठें, ह्याचा हिशेब दोघांनींहि मांडला. आश्चर्य असें, कीं दोन्ही हिशेब जवळजवळ सारखेच निघाले. ज्याची छाती उघडली होती त्यासहि रात्रीं भीति वाटे. पण मागची नजर आणखी भेदरेल म्हणून तें माणूस झोंपेचें सोंग घेई. आणि त्या सोंगाचा श्वास ऐकत दुसरें जागें राही. दोन वर्षें आम्ही एकाच अंथरुणावर, एकाच भीतीनें, वेगवेगळे जागत होतों.

सकाळीं गोळ्यांची डबी एका पिशवींतून दुसऱ्या पिशवींत गेली. मागणाऱ्यानें ती मागितली आणि देणाऱ्यानें दिली. त्याहून अधिक समारंभ झाला नाहीं. भरतीओहोटीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. त्याप्रमाणें आम्ही पाटीपाशीं येऊन उभे राहिलों. पाणी ओसरलें. दगड वर आले. रस्ता ओला होता, त्यावर शेवाळ होतें, खड्ड्यांत अडकलेल्या पाण्यांत आभाळ होतें. चार किलोमीटर आम्ही जोडीनें, एकमेकांच्या शेजारून गेलों. पंचवीस मिनिटें लागलीं. आदल्या दिवशीं वीस मिनिटांत तो रस्ता आमच्यानें संपला नसता, हें त्या वेळीं दोघांच्याहि लक्षांत आलें, आणि दोघांनींहि तें बोलून दाखविलें नाहीं. केवळ प्रौढीसाठीं पाय चालवूं नयेत, हा व्हेलोसिओंचा नियम दोघांसहि आठवला असावा.

बेटावर मिठागरें आहेत. उथळ वाफ्यांत समुद्राचें पाणी खेळवीत खेळवीत आणतात, ऊन आणि वारा आपलें काम करतात, आणि शांत हवेंत पाण्यावर मिठाची जी नाजूक साय धरते तिला तेथें 'मिठाचें फूल' म्हणतात. तें खोऱ्यानें ओढून चालत नाहीं. वरच्यावर हलक्या हातानें उचलावें लागतें. त्याची एक लहानशी पिशवी आम्हीं पुण्यास आणली आहे. ती अद्याप फोडण्याचें धैर्य झालें नाहीं.

पुलावरून परत मुख्य भूमीवर येऊन आम्ही दक्षिणेस वळलों, आणि वाऱ्यानें आम्हांस गांठलें. कालव्याकांठीं झाडें होतीं, म्हणून वारा म्हणजे काय हें कळलें नव्हतें. येथें पाइनच्या रानांतून बाहेर पडलें कीं अटलांटिकवरून येणारा झोत सरळ छातीवर येई. जुन्या क्रमानेंच आम्ही चाललों होतों. तेवढ्यांत मागून येणारा पांढऱ्या केंसांचा एक सायकलस्वार कांहीं वेळ आमच्याबरोबर राहिला, आमच्याकडे पाहून त्यानें मान हलविली, आणि हातानें खूण केली: पुढच्यानें मागें यावें, मागच्यानें पुढें जावें, आणि असें पाळीपाळीनें करीत राहावें. पुढें जाणारा वारा फोडतो. त्याच्या चाकामागें अगदीं लागून असणाऱ्यास आडोसा मिळतो आणि त्याच्या श्रमांतला चांगलाच वांटा वांचतो. शर्यतींत धांवणारी मंडळी ह्याच तत्त्वावर तासन्‌तास चालतात.

हें ऐकून आम्ही दोघेंहि क्षणभर थांबलों. इतके दिवस एकाची काळजी वाहणारें माणूस काळजीपोटींच मागें राहिलें होतें. म्हणजे ज्याच्या हृदयासाठीं एवढी राखण, त्यासच आम्हीं वाऱ्याच्या तोंडीं दिलें होतें, आणि राखण करणारें आडोशास होतें! ह्या शोधावर रडावें कीं हंसावें हें कळेना. तेथून पुढें दर पांच मिनिटांनीं आम्हीं पाळी बदलली. दुखण्यांतून उठलेलें माणूस जेव्हां पुढें असे तेव्हां तें आपलें ओढण्याचें काम करीत असे, आणि मागें असे तेव्हां कोणाच्या तरी आडोशाचा स्वीकार करीत असे. दोन्ही गोष्टी सारख्याच सन्मानाच्या आहेत असें वाऱ्यानें ठरवून टाकलें. राखण करणाऱ्या माणसासहि, आपली पाठ कोणी पाहत आहे, हा अनुभव दोन वर्षांनीं प्रथमच आला.

आमची सफर संपली ती ले साब्ल-दोलोन बंदरावर. एकट्या माणसानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यती येथून सुटतात. आपले अभिलाष टॉमी 2018 मध्यें अशाच एका शर्यतीसाठीं येथून निघाले. वादळांत त्यांची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्यास इजा झाली, आणि हिंदी महासागरांत एका फ्रेंच जहाजानें त्यांस वांचविलें. चार वर्षांनीं, 2022 मध्यें, ते त्याच बंदरांतून पुन्हां निघाले आणि 29 एप्रिल 2023 रोजीं प्रदक्षिणा पुरी करून दुसऱ्या क्रमांकानें परत आले. त्यांच्या पराक्रमाशेजारीं आमचे साडेचारशे किलोमीटर मांडण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु धक्क्यावर बसून भाकरी खातांना, दुखणें आलेल्या माणसास पुन्हां समुद्रावर जाऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें त्यांच्या घरच्यांनीं कसें ठरविलें असेल, असा विचार आमच्या मनांत आला. निघणाऱ्यांचें नांव सर्वांस ठाऊक होतें. जाऊं देणारेहि कांहीं कमी खोल पाण्यांत नसतात.

स्नेह्यांच्या प्रश्नास त्या दिवशीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. सायकल पुण्यांत होती, हें त्यांचें म्हणणें खरेंच. ती आतां जिन्याखालून बाहेर काढली आहे, तिला तेलपाणी केलें आहे, आणि तिच्या जोडीस आणखी एक घेतली आहे. रविवारीं पहाटे, मोटारी जाग्या होण्यापूर्वीं, आम्ही नदीच्या कांठाकांठानें जाऊन येतों. गोळ्यांच्या डबीचा विसर दोनदां पडला. दोन्ही वेळां ज्याच्या गोळ्या त्यासच त्या आठवल्या. झोंप अजून सलग लागत नाहीं, पण जाग आली तर आतां आम्ही एकमेकांस विचारतों.

पुढें कोण असतें, असें कोणी विचारल्यास उत्तर एवढेंच, कीं तें वारा पाहून ठरतें.